अण्णा, तू फक्त धुळीला भ्यायलास

अण्णा, तुझं तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि आता घरात मला घाबरवणारा एकच आवाज उरला आहे. तो म्हणजे तुझ्या लेकीचा, वैजूचा खोकला. सकाळी दात घासताना ती नळ मोठा सोडते, आम्हांला ऐकू जाऊ नये म्हणून. पण मी भित्री, आणि भित्र्या माणसाचे कान फार तिखट असतात. तूच चिडवायचास ना, आमच्या सुमीला पलीकडच्या गल्लीतलं मांजर शिंकलेलं ऐकू येतं म्हणून. तर मला ऐकू येतंय. तुझाही खोकला सुरुवातीला असाच होता, कोरडा, बारीक, कोणाची झोपमोड होणार नाही अशा बेताचा. म्हणून तुझ्याशी बोलायला बसले आहे. रडायचं नंतर बघेन.

तुला नेलं त्या दिवशी आपल्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. तू रंगवलेल्या झाडून सगळ्या जुन्या मोटारसायकली दारासमोर येऊन उभ्या होत्या. बेळगावहून, हुबळीहून, कुठून कुठून माणसं त्यांच्यावर बसून आली होती. तुला नेल्यावर ती माणसं कोपऱ्यात उभी राहून एकमेकांच्या टाक्या बघत होती आणि म्हणत होती, असा रंग आता कोणी मारणार नाही. एकानं तर मडगार्डात स्वतःचं तोंड बघून केस सारखे केले. मला त्या सगळ्यांचा इतका संताप आला अण्णा, की हातात पाण्याचा तांब्या होता तो त्यांच्या अंगावर भिरकावावा असं वाटलं. वहिनीनं माझा दंड धरला. त्यांची काही चूक नव्हती. त्यांना चकाकी दिसत होती आणि मला ती कशातून आली ते माहीत होतं, एवढाच फरक.

पण खोटं कशाला बोलू, त्या चकाकीचं मलाही वेड होतं. तूच ते लावलंस. नव्वदच्या सुरुवातीला मी शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि तू हुबळीतल्या लॉरीच्या बॉड्या रंगवायचं काम सोडून घरामागच्या अंगणात बस्तान मांडलंस. पहिली गाडी कोणाच्या तरी गोठ्यात सडत पडलेली इंग्लिश मोटारसायकल होती. टाकीवर कोंबड्या बसायच्या. आई म्हणाली, ‘ह्याला खूळ लागलं की काय!’ तू ती टाकी खरवडून नागडी केलीस, पोचे काढलेस, पुट्टी भरून पाणीपेपरनं घासत बसलास. घासताना डोळे मिटून घ्यायचास. म्हणायचास, ‘डोळ्याला फसवता येतं सुमे, तळहाताला नाही.’ काळा रंग मारून झाल्यावर तू मला शाळेतून आल्या आल्या अंगणात ओढलंस, हातात लांब केसांचा कुंचला दिलास आणि म्हणालास, ‘ओढ रेघ.’ टाकीच्या कडेनं सोनेरी रेघ ओढायची होती. मी श्वास कोंडून धरला होता. तू पाठीमागून म्हणालास, ‘श्वास धरू नको. सोडत सोडत ओढ.’ ती रेघ वाकडी आली. तू थिनरच्या बोळ्यानं पुसलीस आणि परत कुंचला हातात दिलास. चहा थंड झाला, दिवेलागण झाली, आई दोनदा ओरडून गेली. शेवटी एक रेघ अशी आली की तू नुसता हसलास. माझं लग्न जमलं नाही याचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं. त्या संध्याकाळी नाही वाटलं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले, ते आता मानते.

तेव्हाचा रंग भोळा होता. मारला की बघता बघता वाळायचा. तू उघड्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली काम करायचास. चमक कमी असायची, मग दिवसेंदिवस घासून ती आणायची. माझे कष्ट, वहिनीचे कष्ट, सगळ्यांची बोटं सोललेली, पण कोणाच्या छातीला काही होत नव्हतं. आणि मग तो नवा रंग आला, ज्यात तो टणक करणारा हार्डनर मिसळावा लागतो. तू पहिल्यांदा मारलास तेव्हा आम्ही सगळे टाकीभोवती गोळा झालो होतो. न घासता, न पुसता ती टाकी विहिरीतल्या पाण्यासारखी दिसत होती. त्याचा एकच दोष, तो वाळायला वेळ घ्यायचा, आणि तोवर त्यावर जे बसेल ते जन्मभर बसायचं. आपल्या धारवाडची लाल माती तुला ठाऊक होतीच. रस्त्यावरून एक टेम्पो गेला की सगळी गल्ली तांबडी.

तेव्हापासून तू धुळीला भ्यायला लागलास.

तू कशालाच भीत नव्हतास अण्णा. अंगणात नाग निघाला तर त्याला काठीवर घेऊन कुंपणापलीकडे सोडून आलास. रंग फवारायच्या कॉम्प्रेसरची उघडी वायर हातानं जोडायचास. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याला रंग चुकीचा निवडलात म्हणून तोंडावर सांगायचास. आणि धुळीच्या एका कणाला मात्र असा भ्यायचास की आमचं सगळं घर त्या भीतीवर चालायला लागलं. मागची जुनी न्हाणी तू रंगाची खोली केलीस. खिडकीला फळी ठोकलीस, कौलांखाली प्लास्टिक ताणलंस. रंग मारायच्या आधी जमिनीवर बादल्याच्या बादल्या पाणी ओतायचं, दाराला ओली चादर लावायची. पंखा नाही, कारण पंखा धूळ उडवतो. अंगात फक्त बनियन आणि चड्डी, कारण कपड्यांचे धागे सुटतात. नाकाला फडकं नाही, कारण फडक्याचेही सुटतात. कॉम्प्रेसर अंगणात, त्याची नळी दाराच्या फटीतून आत. आणि एकदा दार लागलं की रंग वाळेपर्यंत कोणी उघडायचं नाही. घराला आग लागली तरी नाही. आई वरच्या खोलीत पाय घसरून पडली होती तेव्हाही आम्ही तुला हाक मारली ती बंद दारावरूनच, आणि तूही दारामागूनच विचारलंस, ‘हाड मोडलं काय?’

मी बाहेर पायरीवर बसून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकायची. रंग फवारायची गन चालू असली की आवाज बदलतो, थांबली की परत बदलतो. त्या आवाजावरून तू आत कुठल्या बाजूला आहेस ते मला कळायचं. तू बाहेर यायचास तेव्हा डोळे लाल, पापण्यांवर रंगाची बारीक रांगोळी, आणि पहिला शब्द, ‘गूळ.’ मीच आणायची तो, अमरगोळच्या बाजारातून, चांगला पिवळाधमक बघून. रंगाच्या कामात असलेल्या प्रत्येकाला कोणीतरी सांगितलेलं असतं की गुळानं छाती धुतली जाते. तुला तुझ्या लॉरीवाल्या उस्तादानं सांगितलं होतं. मी, वहिनी, आई, आम्ही कोणीच त्यावर शंका घेतली नाही. तू खडा तोंडात टाकायचास, वर घटाघटा पाणी प्यायचास, आणि आम्हांला वाटायचं, चला, आजचं निस्तरलं. त्या गुळावर आम्ही किती निर्धास्त होतो ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

डब्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत काय लिहिलं आहे ते मी तुला वाचून दाखवलं होतं. हवा खेळती ठेवा, वाफ छातीत घेऊ नका. तू म्हणालास, ‘ते गोऱ्या लोकांच्या नाकांसाठी गं. आपली नाकं हुबळीच्या बसस्टँडवर तयार झालेली हैत.’ आम्ही सगळे हसलो. मीही हसले, कारण तू म्हणालास की हसू यायचंच. पण मग तुझा खोकला सुरू झाला, जिना चढताना मध्येच थांबून तू कौलं बघायला लागलास, आणि माझं हसणं संपलं. मी हुबळीहून मास्क आणला. तू तो कॉम्प्रेसरच्या मुठीला अडकवून ठेवलास आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचास, ‘आमच्या सुमीनं ह्या मशिनला सर्दी होऊ नये म्हणून आणलाय.’ मी म्हटलं खिडकीची फळी तरी काढ. तू म्हणालास, ‘सुमे, धूळ बसली तर जन्मभर दिसते. वासाचं काय, वारा आला की जातो.’ हे भांडण आपण किती वर्षं भांडलो! तू पुढे पुढे बसून झोपायला लागलास, भिंतीला पाठ टेकून, आणि तरी भांडण संपलं नाही. तू आतून घाबरला होतास अण्णा. मला कळत होतं. तू बोलत नव्हतास आणि तू बोलल्याशिवाय मला काही करता येत नव्हतं.

आणि मग वैजू. तिचं कॉलेज संपलं होतं, ती नोकरीसाठी अर्ज करते आहे असं आम्ही सगळे समजत होतो. एकदा दुपारी तू एक निळं मडगार्ड बाहेर काढलंस. मी बघितलं आणि मला राहवलं नाही, म्हटलं, आज तुझ्या हाताला काय झालंय, इतका सारखा कोट तू पूर्वीही कधी मारला नाहीस. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर वैजू डब्यातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकत होती. तिचे डोळे लाल होते. मी तिथंच उभी राहिले. साप बघून भ्यायले नसते अण्णा, इतकी त्या गुळाच्या खड्याला भ्यायले.

त्या दिवशी मी तुला नाही नाही ते बोलले. बापानं पोरीला असं विष पाजायचं असतं काय, म्हणाले. तू मान खाली घालून ऐकलंस आणि एवढंच म्हणालास, ‘तिच्या हातात आहे ते, सुमे. मला घासून घासून आलं, ती घेऊनच आली आहे.’ तुझ्या तोंडावर इतका अभिमान होता की मी आणखी चिडले. मग तू म्हणालास, ‘माझा हात आता वर उचलत नाही गं, दम लागतो. ती नको म्हणत नाही.’ मी ताडकन उठून गेले. त्यानंतर आपण चहा दे, पेपर कुठाय, एवढंच बोललो. आणि तू आडवा झालास तेव्हा तुझ्यात बोलायचा श्वास राहिला नव्हता. माझ्या मनात एक प्रश्न आहे. तू तिला आत पाठवून बाहेर पायरीवर बसायचास, तेव्हा कॉम्प्रेसरचा आवाज ऐकताना तुझी छाती धडधडत होती की नाही? मला हो म्हणून सांग. नाही म्हणालास तर मी तुला माफ करू शकणार नाही.

दवाखान्यात तुझ्या पलंगाशेजारी खिडकी होती. नाकाला नळी लावलेली, ओठ निळे पडलेले, आणि तू त्या नर्सच्या मागे लागला होतास, ‘सिस्टर, किटकी हाक्रि, धूळ बर्तैत.’ खिडकी लावा, धूळ येते. ती बिचारी मला विचारायची, ह्यांना हवा नको काय? तुझा श्वास पुरत नव्हता आणि तुला काळजी कशाची, तर कसल्या तरी ओल्या टाकीची. मी खिडकी लावायची आणि तुझा डोळा लागला की उघडायची. तेवढ्यावरून आपलं शेवटचं भांडण झालं, नजरेनंच. तू डोळे उघडून खिडकीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी नाही लावली. तू मान वळवलीस.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सगळं समजावलं. त्या हार्डनरचं छातीला एकदा वावडं झालं, की पुढे थोडासाही पुरतो. साधं फडकं, साधा मास्क, काही उपयोग नाही. ज्याला एकदा धाप लागायला लागली त्यानं त्या वासाच्या आसपास जायचंच नाही. मग त्यांनी विचारलं, ‘घरात आणखी कोण करतं हे काम?’ माझ्या मागे वैजू उभी होती. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, ‘कोणी नाही.’ इतक्या स्वच्छ आवाजात म्हणाली की डॉक्टरांनी लगेच पुढचा कागद उलटला. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. ती विनवत होती की धमकी देत होती, मला कळलं नाही. पलीकडे तू जात होतास. मी गप्प राहिले.

तेराव्यानंतर अळणावरचे वखारवाले आले. त्यांच्या वडिलांची मोटारसायकल आपल्याकडे उघडी पडली आहे, टाकी प्रायमर मारून, घासून तयार, फक्त शेवटचा रंग राहिलेला. भला माणूस, त्यांनी गाडीचं नावसुद्धा काढलं नाही. चहा घेतला आणि उठताना वैजूला म्हणाले, ‘गडबड इल्लव्वा, निधानक्क आगलि.’ घाई नाही, सावकाश होऊ दे. वैजू म्हणाली, ‘नाही काका, अप्पांचं काम अर्धं ठेवणार नाही मी.’ मी वहिनीकडे बघितलं. वहिनी कपबश्या उचलत होती. तिनं डोळे वर केले नाहीत. नवरा गेल्यावर त्याचं अर्धं काम पोरीनं पुरं करावं, याला ती कशी नको म्हणणार?

मी म्हटलं, वैजू, उघड्यावर मार, पेरूखाली. धूळ बसली तर बसू दे. ती म्हणाली, ‘आत्या, खुळी हैस काय? अप्पांचा शेवटचा कोट धुळीत?’ मी म्हटलं, मग जुना रंग मार, तो वाळणारा, घासायला मी बसते. ती म्हणाली, ‘एकच कोट गं. मग नाही मारणार.’ हेच वाक्य तू दर वेळी म्हणायचास.

काल दुपारी ती गेली आत. केसांना प्लास्टिकची पिशवी बांधून, तुझं बनियन घालून. मी आणलेला मास्क कॉम्प्रेसरच्या मुठीवरून काढून तिच्या नाकावर बांधला, उपयोग नाही हे माहीत असून बांधला. तिनं पाणी ओतलं, चादर लावली, दार ओढून घेतलं. मी पायरीवर बसले. कॉम्प्रेसर सुरू झाला. गन सुटली, डावी बाजू, मग वरची, मग थांबली. मी वाट बघितली. गन परत सुटायला हवी होती. कॉम्प्रेसर नुसताच घरघरत होता. मी म्हटलं, रंग भरत असेल. मग म्हटलं, बघत उभी असेल, तूही बघत उभा राहायचास. मग आतून खोकला आला, एकदा, आणि मग खोकलाही नाही.

अण्णा, इतकी वर्षं त्या दाराला मी हात लावला नव्हता. काल दोन्ही हातांनी ढकललं. चादर माझ्या तोंडावर आली, ती ओढून फेकून दिली. वैजू भिंतीला धरून वाकून उभी होती. मास्क गळ्यात ओघळला होता आणि तिच्या छातीतून शिट्टी वाजत होती, तुझ्या छातीतून वाजायची तीच. मला बघून तिनं हात झाडला आणि जेवढा श्वास होता तेवढा खर्चून म्हणाली, ‘दार लाव, आत्या! धूळ!’

मी तिला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. वहिनी धावत आली. आम्ही तिला पेरूखाली बसवलं, तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली. तुला नेलं त्या दिवशीही मी इतकी भ्यायले नव्हते. तू गेला होतास, ही अजून जाऊ शकत होती. गल्लीतून वारा सुटला होता आणि सगळा त्या खोलीत शिरत होता. टाकीचं काय झालं असेल ते मला बघवेना, आणि मला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं.

बऱ्याच वेळानं शिट्टी बारीक झाली. वाटलं आता ही माझ्यावर तुटून पडेल. पडली असती तरी चाललं असतं. तिनं खोलीकडे बघितलंच नाही. वहिनीच्या पदराचं टोक मुठीत धरून, लहान असताना धरायची तसं, ती म्हणाली, ‘आई, मला भीती वाटतेय. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं.’

वहिनी, तुझ्या आजारात एकदाही मोठ्यानं न रडलेली आपली वहिनी, तिथं मातीत फतकल मारून बसली आणि हंबरडा फोडून रडली.

अण्णा, एवढं एक वाक्य तू म्हणाला असतास. माझ्याकडे नाही तर वहिनीकडे, वहिनीकडे नाही तर त्या कॉम्प्रेसरकडे. मी तुला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं असतं. तुझी पोर तुझ्यापेक्षा धीट निघाली, ती म्हणाली. आज रविवार, म्हणून उद्या सकाळी आम्ही तिघी हुबळीला जातो आहोत, तिच्या छातीचा फोटो काढायला. त्यात काय निघेल याला मी भ्यायले आहे. वैजू झोपली आहे आणि मी तिच्या उशाशी बसून तिचा श्वास ऐकते आहे.